माझ्या पोटासाठी प्रार्थना

लाफायेत शहरातल्या डॉक्टर हॅमकडे बायका मूल मागायला जातात आणि तो त्यांना काट्यावर उभं करतो. बटाट्यांनाही करतात म्हणा, पण तोलून झाल्यावर बटाट्यांना उपदेश नसतो. मला तोलल्यावर त्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काट्याकडे. आम्हा दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"मिसेस गिड्री, तुमचा बीएमआय चाळिसाच्या वर आहे. पस्तिसाच्या खाली या, मग आपण बाळाचं बोलू."

हा बीएमआय वजनाला उंचीने दोनदा भागून काढतात. मी म्हटलं, "उंची वाढवायचं एखादं औषध नाही का?" तो हसला नाही. हसायला गालाला थोडं तरी मांस लागतं.

मला पीसीओएस आहे, हे माझ्या विसाव्या वर्षापासून सगळे डॉक्टर मला नव्याने सांगत आले आहेत. थोडक्यात म्हणजे, माझ्या अंडाशयांना कामाचा कंटाळा आहे. पाळी एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखी येते. वर्षातून एक-दोनदा, न कळवता, आणि एकदा आली की मुक्काम हलवत नाही. हनुवटीवर केस येतात आणि वजन पाण्याकडे बघूनही वाढतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत "धीर धरा" हा उपचार मी पुरेपूर घेतला होता.

डॉक्टर हॅमने उपाय सुचवला तो शस्त्रक्रियेचा. जठराचा मोठा भाग कापून टाकायचा. उरलेली नळी केळ्याएवढी. खाणं कमी, वजन कमी, आणि पीसीओएसवाल्या कित्येक बायकांची पाळी त्यानंतर आपोआप सुरळीत होते म्हणे. "मुलाचीही शक्यता वाढते," तो म्हणाला. मूल राहायचं एका पिशवीत आणि कापायची दुसरीच. पण तेव्हा मला कुणी तुझं नाक काप म्हटलं असतं तरी मी चाकू कुठे मिळतो हे विचारलं असतं.

घरी येऊन मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा क्लोव्हिस लोकांचे एसी दुरुस्त करत फिरतो. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्याने फक्त आईला सांगितलं. माझ्या सासूबाई, एल्डा गिड्री, यांनी फक्त फादर मिलोटना सांगितलं, तेही शपथ घालून. "फादर, सुनेच्या पोटाचं ऑपरेशन आहे. वाच्यता नको. तुम्ही फक्त प्रार्थना करा."

फादरनी वाच्यता केली नाही. त्यांनी रविवारच्या पत्रकात छापलं. शब्द मात्र फार जपून निवडले: "रोझेल गिड्री हिच्या पोटासाठी, आणि त्यातून जे शुभ निष्पन्न होईल त्यासाठी, सर्वांनी प्रार्थना करावी."

आमचं ब्रो ब्रिज म्हणजे लुइझियानातलं एवढंसं गाव. आठ वर्षं रिकामी असलेली सून, तिचं भरभक्कम पोट, आणि आता हे शुभ निष्पन्न. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, संपली तेव्हा मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी होते आणि बायका रांगेने येऊन माझे मुके घेत होत्या. शेजारच्या अर्लीनबाईंनी तर दोन्ही हात सरळ माझ्या पोटावर ठेवले.

"अगं बाई! तिसरा महिना असेल, नाही?"

"अर्लीनबाई, हे बाळ नाही. ही मीच आहे."

"कळलं हो, कळलं," त्यांनी डोळा मारला. "इतक्यात बोलू नये. दृष्ट लागते."

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे विणलेली तीन झबली-टोपडी आणि एक लाकडी पाळणा आला. मी नाही नाही म्हणत होते आणि जितकं नाही म्हणावं तितकी लोकांची खात्री पटत होती. माणसाला खोटं पटवायला पुरावा लागतो. खरं पटवायला मात्र पुरावाही पुरत नाही. पाळणा शेवटी मी गराजमध्ये ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

मग विमा कंपनी. इथे मला सांगायला हवं की मी स्वतः गाड्यांच्या परवान्याच्या कचेरीत खिडकीच्या आत बसते. लोकांना परत पाठवण्याची कला मला अवगत आहे. "जन्मदाखला आणलात, पण पाठीमागची बाजू?" हे मी झोपेत म्हणू शकते. पण विमा कंपनीपुढे मी हात टेकले. आमच्या कचेरीत निदान माणूस थकून रडला की आम्ही पाणी देतो. तिथे रडण्यासाठीही दुसरा नंबर फिरवावा लागायचा.

वंध्यत्वासाठी शस्त्रक्रिया? ते आमच्यात बसत नाही. लठ्ठपणासाठी? ते बसतं, पण बीएमआय चाळिसाच्या वर हवा. आणि त्याआधी तीन महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन कमी करण्याचा मनापासून प्रयत्न हवा. शिवाय माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला.

दाखला देणारी मानसतज्ज्ञ माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती आणि प्रत्येक वाक्यानंतर मान डोलवायची.

"तुम्हाला वजन का कमी करायचंय, रोझेल?"

"वाढवता यावं म्हणून."

तिने मान डोलवणं थांबवलं. मी समजावून सांगितलं, की आधी वजन घटवायचं, मग दिवस राहिले की वाढवायचं. तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं. दाखला मिळाला, पण मला वाटतं माझ्यापेक्षा तिला तो जास्त हवा होता.

मग आहार. गाव मदतीला धावलं. अर्लीनबाई सफरचंदाचा शिरका घेऊन आल्या, कारण त्यांच्या मेहुणीने तो प्यायला आणि ती बारीक झाली. (मेहुणी पुढे वारली, पण बारीकच वारली.) गरोदरपणात शिरका कसा काय चालतो, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "बाळ गोरं होतं." सासूबाईंचं मत वेगळं. त्यांच्या मते गंबो हे काही खाणं नव्हे, तो रस्सा, आणि रश्श्याने कुणी जाड होत नाही. त्या रश्श्यात कोंबडी, सॉसेज आणि तुपात परतलेलं पीठ असतं, पण ते बुडाशी असतं, म्हणून धरायचं नाही.

मी मनापासून प्रयत्न केला. इथेच घात झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कमी झालं. फार नाही, थोडंसं. मी मोठ्या ऐटीत सगळे कागद कंपनीला पाठवले आणि काही दिवसांनी ब्रँडी नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज कसा, वाढदिवसाच्या केकसारखा.

"अभिनंदन, मिसेस गिड्री! तुमचा बीएमआय आता एकोणचाळीस पूर्णांक काहीतरी आहे!"

"हो ना! मग तारीख कधीची?"

"नाही ना, आता तुम्ही पात्रच नाही. चाळिसाच्या वर लागतो. तुम्ही स्वतःच किती छान प्रगती केलीत!"

मी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसले. डॉक्टर हॅमला पस्तीस हवे होते, कंपनीला चाळीस, आणि मी मध्ये लटकले होते. पाळण्यासाठी फार जाड आणि सुरीसाठी फार बारीक. मनापासून प्रयत्न करा, पण यशस्वी होऊ नका, ही अट त्यांनी कुठे छापली नव्हती. माझी एक खिडकीवाली बाई म्हणून त्यांना सलाम करायची इच्छा झाली. बायको म्हणून मात्र क्लोव्हिसचं डोकं खाल्लं, दुसरं काही खायला नव्हतं.

क्लोव्हिस कपाळावर हात मारत म्हणाला, "अगं, मग खा की. वाढव परत."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. फक्त कॅलेंडरमध्ये नव्हतं. ईस्टरच्या आधीचे उपास नुकतेच सुरू झाले होते. अख्खं गाव गोडधोड सोडून, शुक्रवारी मांस टाकून, चेहरे लांब करून हिंडत होतं, आणि मला याच दिवसांत फुगायचं होतं. बरं, हंगाम क्रॉफिशचा, म्हणजे आमच्या दलदलीतल्या कोळंबीच्या थोरल्या भावाचा. क्रॉफिश खाऊन वजन वाढवणं म्हणजे शेंगांची टरफलं सोलून श्रीमंत होणं. टोपलीभर कवचं फोडावीत तेव्हा नखाएवढं मांस हाती लागतं, आणि फोडण्यात जास्त शक्ती जाते.

म्हणून एका शुक्रवारी कचेरी सुटल्यावर मी पेट्रोलपंपावर गेले. आमच्याकडचं सर्वोत्तम बुदँ पेट्रोलपंपावरच मिळतं: भात आणि डुकराचं मांस भरलेलं गरमागरम सॉसेज. मी गाडीतच बसून, काचा वर करून, दुसरं तोंडात कोंबत होते. तेवढ्यात काचेवर टकटक.

अर्लीनबाई. हातात दुधाचा डबा, नजर माझ्या हातातल्या बुदँवर. शुक्रवारी! उपासात!

मला काही सुचेना, आणि सुचलं असतं तरी तोंड भरलेलं होतं. अर्लीनबाईंचा चेहरा आधी काळवंडला, मग हळूहळू उजळला.

"असू दे, असू दे! गरोदर बाईला देव माफ करतो. खा पोरी, दोघांसाठी खा!"

झालं. आता तर देवाचीही साक्ष झाली.

फेरवजनाचा दिवस आला तेव्हा मला धीर नव्हता. क्लोव्हिसने आदल्या दिवशी त्याच्या मासेमारीच्या पेटीतले शिशाचे गोळे आणून दिले. "अंतर्वस्त्रात सोड. कुणाच्या बापाला कळणार नाही." मी, चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारी बाई, छातीत शिसं भरून दवाखान्यात गेले. चालताना मी डावीकडे कलत होते.

नर्सने माझ्या हातात कागदी झगा दिला. "सगळं काढा आणि हा घाला."

"सगळं?"

"सगळं, बाई."

मी पडद्यामागे गेले. पहिला गोळा हातातून सुटला, फरशीवर आदळला आणि घरंगळत पडद्याखालून बाहेर गेला. त्याच्यामागून दुसरा. मग उरलेले सगळे एकदमच. बाहेरून नर्सचा आवाज:

"मासेमारीचा बेत आहे वाटतं?"

मला त्या झग्यात जीव द्यावासा वाटला, पण झगा मागून उघडा होता, तेव्हा मेल्यावरही अब्रू राहिली नसती. मी काट्यावर चढले. नर्सने आकडा लिहिला आणि गोळे माझ्या पर्समध्ये घातले. "तुम्हाला यांची गरज नव्हती," ती म्हणाली. चाळीस आणि वर थोडे. बुदँची कृपा. आयुष्यात पहिल्यांदा काट्यावर कुणी मला अपेक्षेपेक्षा जड सांगितलं आणि मी "देवा, तुझे उपकार" म्हटलं.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी झोपले होते. उठले तेव्हा दुखत होतं. खरी गंमत नंतरची. चार घास झाले की पोट भरायचं आणि पाचवा घास म्हणजे शिक्षा. केस गळत होते. रविवारी सासूबाईंच्या टेबलावर मी वाटीभर रस्सा घेऊन बसले की सगळे माझ्याकडे असं बघत, जणू मी त्यांच्या स्वयंपाकावर थुंकले.

"माझ्या हातचं नको झालंय तिला," सासूबाई भिंतीला सांगत. आमच्याकडे भिंतींना फार ऐकावं लागतं. आणि गावातल्या बायका माझं उतरलेलं पोट पाहून मला मिठी मारत, डोळे पुसत. शब्द कुणी काढला नाही, पण मला कळलं: त्यांच्या हिशेबाने ते बाळ गेलं होतं. जे कधी नव्हतंच, त्याच्यासाठी मला गावाने सांत्वन दिलं. खरी आठ वर्षं गेली, तेव्हा मात्र एकीनेही डोळा पुसला नव्हता.

मग एक सोमवार. खिडकीवर एका म्हाताऱ्याला त्याची सही जुन्या सहीसारखी का दिसत नाही ते विचारत होते, आणि मला जाणवलं. उठून आत गेले. पाळी आली होती. बोलावल्याशिवाय, गोळीशिवाय. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा. मी कचेरीच्या संडासात दार लावून बसले आणि हसत की रडत होते, ते मलाही सांगता येणार नाही. छत्तीस वर्षांची बाई, आणि तेरा वर्षांच्या पोरीसारखी ही बातमी कुणाला सांगावी कळेना.

सर्जनला सांगितली. तो आनंदला आणि लगेच गंभीर झाला. "आता सांभाळा. निदान दीड वर्ष दिवस जाता कामा नयेत. शरीर अजून सावरतंय, बाळाला पोषण पुरणार नाही. तुमच्यासारख्या बायकांना तर आता चटकन राहतं. गोळ्यांवर विसंबू नका, कंडोम वापरा."

मी हसतच सुटले. आठ वर्षं मेणबत्त्या लावल्या, पाय वर करून झोपले, कोबीचा रस प्याले, आणि आता मूल *होऊ नये* म्हणून काळजी घ्या! हे म्हणजे दुष्काळात विहीर खणावी आणि पाणी लागताच त्यावर झाकण ठेवावं.

क्लोव्हिस दुकानात जायला तयार होईना. "फादर मिलोट तिथेच सिगारेटी घेतात," म्हणाला. म्हणून मी गेले. गावात औषधांचं दुकान एकच. मी डबी काउंटरवर ठेवली, पैसे काढले, आणि मागून ओळखीचा श्वास ऐकू आला.

"रोझेल!" अर्लीनबाई डबीकडे बोट दाखवत होत्या, जणू साप पाहिला. "आम्ही तुझ्यासाठी नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना करतो, आणि तू *हे* घेतेस?"

दुकान थांबलं. दुकानदारही थांबला, सुटे पैसे हातात धरून. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं माझ्या गळ्यापर्यंत आलं, आणि आता माझ्या पोटात जागा थोडीच होती.

"अर्लीनबाई," मी म्हटलं, "तुमच्या प्रार्थना फार जोरदार आहेत. म्हणून हे घ्यावं लागतंय."

मी सरळ मानेने बाहेर पडले. सुटे पैसे राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत सासूबाई दारात. पर्स छातीशी धरलेली, म्हणजे लढाई.

"माझ्या मुलाला मूल द्यायचं नाही तुला? तसं सांग. पोट कापून घेतलंस, माझ्या हातचं खायचं सोडलंस, आणि आता हे! गावात तोंड दाखवू कसं?"

क्लोव्हिस बागेतल्या नळाकडे काहीतरी दुरुस्त करायला निघून गेला. तो नळ चांगलाच होता.

मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आई, मला पाळी येते आता. दर महिन्याला. आपली आपण."

सासूबाई जवळच्या खुर्चीवर टेकल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही. आठ वर्षं तुम्ही विचारत होतात ना, रोझेलचं काय चुकतंय? आता काही चुकत नाहीये. फक्त दीड वर्ष थांबायचं आहे. डॉक्टर म्हणतो, नाहीतर बाळ उपाशी राहील."

"उपाशी?" माझ्या सासूला पृथ्वीवर एकच पाप ठाऊक आहे, आणि ते हे.

"उपाशी."

त्या पर्सच्या कडीशी खेळू लागल्या. मग म्हणाल्या, "माझी बहीण लोरेना. तिलाही असेच हनुवटीवर केस होते. आम्ही तिला दाढीवाली म्हणायचो. मूल नाही झालं तिला. नवरा सोडून गेला." त्यांनी पर्सची कडी खटकन लावली. "आम्ही फार हसलो गं तिला."

एवढं बोलून त्या उठल्या. डोळे पुसले नाहीत, पर्स मात्र बगलेत गेली. बागेत जाऊन त्यांनी क्लोव्हिसला नळाजवळच झापलं, कशाबद्दल ते त्याला आजतागायत कळलेलं नाही.

दीड वर्ष गेलं. डॉक्टर हॅमची पस्तिशी मी केव्हाच ओलांडली होती, खालच्या बाजूने. त्याच्याकडे भेट घेतली, आणि भेटीच्या आधीच चाचणीवर दोन रेषा आल्या. मी भेट रद्द करायला फोन केला. तिकडच्या मुलीने कारण विचारलं. "गरज उरली नाही," मी म्हटलं. इतक्या चवीने वाक्य मी फार दिवसांत खाल्लं नव्हतं.

क्लोव्हिसला बजावलं, एक शब्द नाही. तो बिचारा दाढदुखी झाल्यासारखा गाल धरून हिंडत होता. तरी टिकला. त्या रविवारी सासूबाईंकडे सगळं कुटुंब जेवायला. त्यांनी माझ्यासमोर एक लहान बशी ठेवली: चार घास, व्यवस्थित बारीक केलेले, मांस जास्त, भात कमी. मी वर पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. कसं कळलं, देव जाणे.

चुलत दीर सुरू झाला, "हे काय पाखराचं खाणं! रोझेल, अगं, जरा..."

"गप जेव," सासूबाई त्याला म्हणाल्या. "तिला खाऊ दे तिच्या मापाने."

टेबलावर कुणी शब्द काढला नाही. गावातही नाही. एल्डा गिड्री गप्प बसू शकते हा शोध गावाला पुढे माझ्या पोटाकडे पाहूनच लागला.

मुलगी फेब्रुवारीत झाली. नाव लोरेना ठेवलं. सासूबाईंनी सुचवलं नव्हतं. ऐकल्यावर त्या भांडी घासायला निघून गेल्या आणि नळ बराच वेळ चालू होता.

पहिल्या पाहुण्या अर्थातच अर्लीनबाई. त्यांनी दुपट्याची घडी बाजूला केली, चष्मा वर केला आणि पोरीला न्याहाळलं.

"गोड आहे हो. पण मांड्या बघ केवढ्या! आत्तापासून लक्ष ठेव गं, आईवर जायची नाहीतर."

पोरीने त्याच क्षणी भुकेने भोकाड पसरलं. मी तिला उचललं, अर्लीनबाईंकडे पाठ केली आणि पाजायला घेतलं. ती अधाशासारखी प्यायली, दोन्ही मुठी आवळून, कुणाला न विचारता. मी तिला थांबवलं नाही. पोट भरल्यावर ती आपणच थांबली.